पंचमीचा पाहुणा

नाशिकरोड, रविवार, १८ जून १९७८

पोचलो बुवा एकदाचा! मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. नाव सुरेन, तोंडवळा आपल्यातला, मग हा परदेशी पासपोर्ट कसला, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी माझ्या मराठीत सगळी कुळकथाच ऐकवली. आमचे पणजोबा भिवाजी, रत्नागिरीकडचे. ऊस तोडायला म्हणून जहाजात बसले ते थेट मॉरिशसला उतरले, आणि त्यांचं नाव तेच आमचं आडनाव होऊन बसलं. साहेब हसून हसून बेजार. म्हणाले, असलं मराठी माझी आजी बोलायची. घ्या! चार पिढ्या जपून ठेवलेल्या भाषेची ही किंमत.

घरी आम्ही क्रिओल बोलतो, तिकडची फ्रेंचवरून झालेली बोली. मराठी फक्त आरतीत, लग्नाच्या गाण्यांत आणि संध्याकाळच्या वर्गात. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इथे बी. ए. ला आलोय. तीन वर्षांनी परत जायचं आणि आमच्या गावच्या, वाक्वाच्या, शाळेत मराठी शिकवायचं. आईला तसा शब्द दिलाय. बंदरापाशी लहानाची मोठी झालेली बाई, पण विमानतळावर मात्र समुद्राकडे पाठ करून उभी होती. तिकडच्या मास्तरांनी बजावलंय, की रोज चार ओळी मराठीत लिहायच्या. म्हणून ही वही.

वसतिगृह भरलेलं निघालं. कॉलेजच्या कारकुनाने इथे पाठवलं, कोंडाजीकाकांकडे. काका नोटांच्या प्रेसमध्ये कामाला आहेत, मूळचे निफाडकडचे. घर साधं, सिमेंटचं, गच्चीवर एक खोली आणि मागच्या बाजूने तिला लोखंडी जिना. त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, मी मावशी म्हणायचं ठरलं. पहिल्याच जेवणाला मी पाच भाकरी हाणल्या. मावशी बघतच राहिल्या. बेत झकास जमलाय!

रविवार, ९ जुलै

कॉलेजात मी म्हणजे सर्कशीतला हत्ती झालोय. पोरं मुद्दाम बोलायला लावतात आणि माझी जुनी कोकणी ठेवणीतली वाक्यं ऐकून खिदळतात. हसा लेको! त्यातला एकच धड निघाला, नियाज. मालेगावचा, बापाचे माग आहेत, जुन्या नाशकात खोली घेऊन राहतो. त्याला माझ्या बेटाचं भारी कुतूहल. तिथे सगळीकडून समुद्र दिसतो का, असं विचारतो. दिसतो रे बाबा, म्हणूनच तर इथे जीव घुसमटतो.

मासळीवाचून हाल आहेत. काका-मावशी सगळं खातात, पण या घरात मासळी शिजत नाही. का, ते विचारलं तर मावशी दुसरंच बोलायला लागतात. नियाजने देवळाली कॅम्पात सुके बोंबील मिळतात असा शोध लावलाय. आम्ही त्याच्या खोलीवर भाजून खातो. कॅम्पात तोफांचा सराव चालतो, त्या दणक्याने दुपारी माझ्या खोलीच्या काचा थरथरतात. पहिल्या दिवशी मी पलंगाखाली शिरलो होतो. शेजारच्या विमलाबाईंनी ही गोष्ट भिंतीवरून गल्लीभर केली.

रविवार, २७ ऑगस्ट

आज समजलं. ओट्याशेजारी चंदनाचा हार घातलेला जो फोटो आहे, तो मी काकांचा धाकटा भाऊ समजत होतो. तो त्यांचा मुलगा, गोरक्ष. एकुलता एक. विमलाबाईंनी सांगितलं. पोराच्या पायाला भिंगरी होती, एका जागी म्हणून ठरायचा नाही. सायकलच्या दुकानात काम करायचा आणि उरल्या वेळात नुसता हिंडायचा. तीन वर्षांपूर्वी त्याचं बापाशी वाजलं आणि तो भरल्या ताटावरून उठून गेला. देवळालीच्या अलीकडे पॅसेंजरखाली सापडला. वीस वर्षांचा होता, माझ्याच वयाचा. मासळीचा वासही त्याला चालायचा नाही.

फोटो नीट बघितला. माझ्यात आणि त्याच्यात काडीचं साम्य नाही. तो उंच, हाडकुळा, मी असा गोलमटोल. तरी मला वाईट वाटलं. मावशी रोज जेवताना माझ्या ताटाकडे का बघत बसतात, ते आता कळलं.

मंगळवार, १९ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू झालाय. आमच्याकडेही पाळतात, तेव्हा मला नवं नाही. काकांनी चाचरत विचारलं, परवा पंचमीला गोरक्षाच्या नावाने जेवायला बसशील का? अविवाहित गेलेल्यांचं पंचमीला असतं. त्याच्या वयाचा पोरगा पितर म्हणून पाटावर बसवायचा, पाय धुवायचे, गंध लावायचं, पोटभर वाढायचं. गेली दोन वर्षं काकांचा भाचा बसायचा, तो यंदा मनमाडला रेल्वेत लागला.

जेवायला नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही! मी लगेच हो म्हटलं. एकच अट काकांनी दोनदा सांगितली. जेवण झालं की ते मला कोपऱ्यापर्यंत पोचवतील, मग मी मागे वळून बघायचं नाही आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत या छपराखाली यायचं नाही. पितर जेवून गेला पाहिजे, म्हणाले. मी म्हटलं, काका, आम्हीही मराठीच, मला काय सांगता! नियाजकडे झोपेन.

गुरुवार, २१ सप्टेंबर

काय जेवलो! उडदाचे वडे, खीर, अळू, कढी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. मी पहिला घास घेतला न घेतला तोच गच्चीवरच्या ताटावर कावळा बसला. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गेली दोन वर्षं कावळा शिवत नव्हता म्हणे. मावशी वाढतच राहिल्या आणि मीही नको म्हणेना. काकांनी टॉवेल-टोपी दिली, हातावर पाणी सोडलं, कोपऱ्यापर्यंत आले.

आता खरं लिहितो. नियाजकडे जायला शालिमारची बस येता येईना. वरून सर कोसळली. पोटात वडे, डोळ्यांवर झापड. म्हटलं, कोण बघतंय! मागच्या जिन्याने वर आलो आणि ताणून दिली. दिवेलागणीला जाग आली तेव्हा मावशी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. आजवर त्या कधी वर आल्या नव्हत्या. माझी तर पाचावर धारण बसली. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या आधी रडल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, “आलास ना? बरं केलंस. ह्यांना सांगू नको हां.” चहा बिनसाखरेचा होता. मी तो पिऊन टाकला, नंतर आठवलं की मी साखरेच्या बेटावरचा माणूस, तीन चमच्यांशिवाय चहा घेत नाही.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

भूक नाही. कालचंच अजून गळ्याशी आहे असं वाटतं. मी आणि भूक नाही! नियाजला सांगितलं तर तो हसत सुटला.

पण आणखी एक आहे. बसवत नाही. तासाला बसलो होतो, पाय आपले चुळबुळ करताहेत. शेवटी सरांनीच विचारलं, मुंग्या लागल्यात का. दुपारी गच्चीवर फेऱ्या मारल्या. मारून थकलो आणि पलंगावर पडलो, तरी बाहेर फेऱ्यांचा आवाज चालूच. उठून बघितलं. कोणी नव्हतं, ऊन होतं नुसतं.

रविवार, २४ सप्टेंबर

नियाजबरोबर कॅम्पात गेलो. बोंबलाच्या दुकानापाशी वास आला आणि मी भर रस्त्यात ओकलो. आल्यापासून ज्याच्यासाठी जीव टाकत होतो त्याच वासाने! नियाज म्हणाला, पित्त झालं असेल.

येताना मी त्याला रुळांकडेच्या एका पायवाटेने आणलं. घाणेरीतून, मोडक्या कुंपणातून, सरसर. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, ही वाट तुला कशी ठाऊक? मी कधी आलोच नव्हतो तिकडे. मी काहीतरी थाप मारली. चेष्टा नाही, मला भीती वाटली.

सोमवार, २५ सप्टेंबर

आईला पत्र लिहायला बसलो. तिला मराठी वाचता येत नाही, क्रिओलमध्येच लिहितो. कागद पुढ्यात, पेन हातात, आणि शब्दच येईनात. पाऊस खूप आहे, असं लिहायचं होतं. पाऊस, पाऊस, पाऊस. दुसरा शब्दच डोक्यात नाही. आयो! जन्मापासून बोलतोय मी ती भाषा. भावांशी भांडलो त्या भाषेत.

मराठी मात्र भराभर येतं. हेच बघा ना, किती सरळ लिहितोय. कॉलेजात आज कोणी हसलं नाही माझ्या बोलण्याला. एक जण म्हणाला, सुधारलास की.

नाही सुधारायचं मला असं.

बुधवार, २७ सप्टेंबर

आज जेवायला खाली होतो. मावशींनी न विचारता कारल्याची भाजी वाढली, मी खाल्ली. वर माझ्या खोलीत कोणीतरी चालत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी छताकडे बघितलं. मावशीही बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान, की पोरगं शाळेतून घरी आलंय जणू. मी विचारलं, वर कोण आहे? म्हणाल्या, जेव तू.

बाहेर पडलो आणि विमलाबाईंना गाठलं. त्याच म्हणाल्या, काल भर दुपारी तू गच्चीवर किती रे फेऱ्या मारल्यास, डोकं उठलं. काल भर दुपारी मी वर्गात होतो, नियाजशेजारी. मग मी त्यांना पंचमीचं सगळं सांगून टाकलं. मागच्या जिन्याचंही. बाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, “अरे बाबा, पितर म्हंजे पाहुणा. जेवला, निरोप दिला, गेला. तू त्याला घेऊन परत वर चढलास?” सोमवारी सर्वपित्री अमावस्या आहे. त्या दिवशी सगळे पितर परत जातात. तेव्हा पुन्हा जेवू घालून नीट निरोप दिला तर दिला. एकदा ती वेळ टळली की राहिला तो राहिला.

आणि मग मी? हे मी विचारलं. त्या भिंतीआड गेल्या.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

निघून जायचं ठरवलं. रीत राहिली बाजूला, जीव तर वाचवू. सकाळी बॅग भरून बसमध्ये बसलो. नाशिकचं तिकीट काढलेलं पक्कं आठवतं. पुढचं आठवतं ते मागच्या जिन्याच्या पायऱ्या. बॅग हातातच.

दुपारी नियाज घ्यायला आला. त्याने माझा दंड धरून बसमध्ये बसवलं. आत्ताच तो खिडकीशी येऊन हळू बोलून गेला, त्याने सांगितलं ते असं: द्वारका नाक्यापर्यंत मी गप्प होतो. मग भलत्याच आवाजात, गावठी बोलीत त्याला शिवी दिली. “मला कुठं नेतो रं? माझं घर हाय तिथं.” आणि चालत्या बसमधून उडी टाकली. गुडघा सोललाय, ते दिसतंय. बाकी काही आठवत नाही.

नियाज रडवेला झाला होता. म्हणाला, वडिलांना घेऊन येतो मालेगावहून, चार दिवस थांब. चार दिवस!

शनिवार, ३० सप्टेंबर

काकांना सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. मग आत गेले आणि जे भांडण झालं ते मी ओट्यापाशी उभा राहून ऐकलं. काका म्हणत होते, सोमवारी त्याला लावून देऊ. मावशी नाहीच म्हणत होत्या. माझं लेकरू उपाशी गेलं होतं, आता पोटभर जेवून थांबलंय, त्याला मी हाकलू?

काका ओरडले, “आन् त्या पोराची आय?”

मावशी शांतपणे म्हणाल्या, “तिला अजून दोन हायेत.”

मीच सांगितलं होतं ते त्यांना, जूनमध्ये, कौतुकाने. आम्ही तिघे भाऊ म्हणून.

मला घरी जायचंय. मला घरी जायचंय. हे दोनदा लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहिताना घर म्हणून डोळ्यांपुढे हीच गच्ची आली.

रविवार, १ ऑक्टोबर

काकांनी मावशींना वळवलं. उद्या गांधीजयंतीची सुट्टी, काका स्वतः स्वयंपाकाला लागणार. मावशींनी मुकाट डाळ भिजत घातली. रडल्या नाहीत की आदळआपट नाही. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, या घरात पाहुणा एकच हाय, त्याला नीट निरोप देऊ.

बरं वाटलं. फार बरं वाटलं. रात्र गेली की सुटलो—

हात थोडा वेगळा चालतोय. अक्षर उतरतं वळण घेतंय. पण उद्या संपेल सगळं.

पाय मात्र थांबत नाहीत.

सोमवार, २ ऑक्टोबर. दुपार

झालं. पाटावर बसवलं, जेवलो. काकांनी हातावर पाणी सोडलं. हात जोडून म्हणाले, “जा बाबा आता. सुखानं जा. मागं वळून बघू नको.” दार सताड उघडं.

मी पाय उचलला. पाय उंबऱ्याच्या आतच. पुन्हा उचलला—आतच.

पण कोणीतरी गेलं. माझ्या अंगाला घासून गेलं. काका त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले, हातात तांब्या, पाणी शिंपडत. त्यांना तो दिसत नसावा. मला दिसत होता.

गोलमटोल. बुटका. चालताना डावा खांदा पुढे काढणारा. भाऊ माझ्या चालण्याची नक्कल करतात ती अशीच.

मी हाक मारली. सुरेन! सुरेन! त्याने मागे बघितलं नाही. बघू नको असं सांगितलंय त्याला. शहाणा आहे, ऐकतो. कोपऱ्यावरून वळला.

काका परत आले, डोळे पुसले, म्हणाले, गेला माझा गोरक्ष. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सुटलास पोरा. त्यांना कसं सांगू. तोंड उघडतच नव्हतं.

मावशींनी रस्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या. हसल्या.

पाहुणा एकच होता घरात. घरचा माणूस कधी पाहुणा असतो का? निरोप पाहुण्याला. पाहुणा गेला. घरचा—

वर आलोय. लिहितोय, लिहीत राहिलो तर राहीन. मी वाक्वाचा. माझी आई—बंदरापाशी—तिचा चेहरा—ती समुद्राकडे पाठ करून, की तोंड करून—ती कोण—

भूक लागलीये. पंचमीनंतर पहिल्यांदा. कडकडून.

खाली ताट वाढल्याचा आवाज येतोय. हाक मारतेय. माझ्या नावाने नाही मारत. मी ओ देणार नाही. देणार नाही. ते नाव माझं ना

पुन्हा मारली.

आलो गं आये, हात धुऊन आ